तासभर खरं

हे कुणालाही पटणार नाही, आणि लिफ्टवाल्या आजोबांना ज्यांनी एकदा जरी ऐकलंय त्यांना तर मुळीच नाही. पण त्या दिवशी आजोबा सलग तासभर खरं बोलले. तेही बायकोशी.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्यांना धीर द्यायला दाराबाहेरून थापा मारायची सवय लागली, ती नोकरी संपली तरी सुटली नाही. घरात आजींचं काम एकच, थाप हवेत असतानाच झेलायची. "अहो, काहीही काय," म्हटल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

त्यातूनच घोळ झाला. आजींच्या गळ्यातली गाठ औषधांनी गेली की नाही, हे बघायला मागच्या खेपेला स्कॅन झाला होता. आधी किरणोत्सारी साखर टोचतात आणि तासभर गप्प पडून राहायला सांगतात. जो स्नायू हलेल तो साखर खातो आणि चित्रात दिव्यासारखा पेटतो. नेमक्या त्या तासात आजोबांनी फोनवरून, आपण लिफ्टमधून हत्ती कसा चढवला, ते सांगितलं. आजींनी तो हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत खोडून काढला. चित्रात गळा असा झगमगला, की त्यात आजार कुठला आणि वाद कुठला, डॉक्टरांना कळेना.

म्हणून आज पुन्हा.

"आजोबा, फोन इकडे द्या," स्कॅनवाली मुलगी म्हणाली. आजींना सुई टोचून तिने जाड भिंतीपलीकडच्या खोलीत खुर्चीवर रेलून बसवलं, दार लावलं आणि येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली.

पडद्यावर आजींची बोटं खुर्चीच्या हातावर टकटकू लागली. ओठ पुटपुटू लागले. एकटं पडलं की मनात भलतंसलतं येतंच.

"अशाने आजही चित्र बिघडेल," मुलगी म्हणाली. तिने माइक आजोबांपुढे सरकवला. "बोला त्यांच्याशी. पण त्यांना खोडावंसं वाटेल असं एक अक्षर नको."

"मग बोलू काय?"

"खरं."

आजोबांना घाम फुटला. "पोरी, एवढा साठा नाही गं माझ्याकडे."

"मी पुरवते."

ती हळू आवाजात सांगत गेली, आजोबा ते आपल्या भाषेत माइकमध्ये ओतत गेले.

"ऐकतेस ना? बोलू नकोस, नुसतं ऐक. तुझ्या अंगात जी साखर फिरतेय ना, तिच्यातून बारीक कण सुटतायत. पॉझिट्रॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊच म्हण. वजन तेवढंच, पण त्याचा विद्युतभार ऋण तर ह्याचा धन. हा बाहेर पडला की जेमतेम मिलिमीटरभर भटकतो, तेवढ्यात इलेक्ट्रॉनशी गाठ पडते, आणि दोघेही नाहीसे. राख नाही, धूर नाही."

आजींची डावी भुवई वर गेली. ती भुवई आजोबांच्या चांगल्याच ओळखीची होती.

"शपथ घेतो," ते घाईघाईने म्हणाले. "नाहीसे होतात, पण वाया जात नाहीत. त्यांच्या जागी प्रकाशाचे दोन किरण निघतात, डोळ्याला न दिसणारे. एकमेकांकडे पाठ करून पळतात. आपल्या लिफ्टचं कसं, केबिन वर निघाली की पलीकडचा वजनाचा ठोकळा खाली? तसं. यंत्राच्या गोल कड्यावर दोन्ही किरण एकदमच समोरासमोर आदळले, की त्यांच्यामधल्या सरळ रेषेवर कुठेतरी ती भेट झाली हे कळतं. अशा लाखो रेषा जमल्या की झालं चित्र."

भुवई खाली येईना, पण बोटं थांबली होती. आजी थाप शोधण्यात गढून गेल्या होत्या, आणि एवढ्या संसारात पहिल्यांदाच ती सापडत नव्हती. भीतीला आत शिरायला जागाच उरली नाही. मधेच एकदा आजोबांच्या जिभेवर हत्ती येऊन उभा राहिला. त्यांनी तो सोंडेसकट गिळला.

मग आजी यंत्राच्या कड्यातून जाऊन आल्या आणि दोघं बाहेर बाकावर वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने मुलगी आली.

"डॉक्टरांनी पाहिलं. गळा अंधारा आहे, आजी, काहीच पेटलेलं नाही. मागचा सगळा उजेड त्या वादाचा होता. अधूनमधून तपासत राहू म्हणालेत."

आजींनी मान डोलावली, डोळे पुसले. बोलल्या मात्र नाहीत.

"अगं, आता बोल की. परवानगी आहे."

आजी पदराचं टोक चाचपत राहिल्या. अडकलेल्या लिफ्टमधून आवाज येईनासा झाला की आजोबा एकच करायचे. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे, आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले,

"हा पॉझिट्रॉन मला काही नवा नाही. एका प्रयोगशाळेची लिफ्ट चालू करून दिली, तेव्हा साहेबांनी खूश होऊन एक दिला होता. जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला मी. रात्रभर आपल्या स्वयंपाकघरात फळीवर होता."

आजींनी घसा खाकरला.

"डबा स्टीलचाच ना?"

"स्टीलचाच."

"मग त्या स्टीलमध्ये इलेक्ट्रॉन नव्हते वाटतं? झाकण लावायच्या आत गेले असते दोघेही. अहो, काहीही काय."