पाण्याची गोळी

काकडीत जवळजवळ सगळं पाणीच असतं. माणसाच्या मेंदूतही बरंच असतं. काही मेंदूंत काकडीइतकं.

फ्रिजच्या दारावर लघवीच्या रंगांचा तक्ता, फिकट पिवळ्यापासून विटकरीपर्यंत. दार उघडलं की आत जेवण.

सासऱ्यांच्या पोटरीवर मोज्याचा वळ उठतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो.

“अभिनंदन. तुमचं शरीर तुमचे आभार मानत आहे.” पाणी प्यायल्याची नोंद केली की हे फोन म्हणतो. शरीराने अजून स्वतःहून काही कळवलेलं नाही.

शर्टाच्या बटणाहून लहान, पांढरी गोळी.

हे सगळं एकाच घरातलं. घर जावयाचं. जावई कंपन्यांमध्ये जाऊन पाणी कसं प्यावं ते शिकवतो. तोंडाने प्यावं, एवढं लोकांना आधीच माहीत असतं. उरलेला दीड तास तो बाकीचं सांगतो. समोर त्याला ‘सर’ म्हणतात, पाठीमागे ‘टाकी’.

सासरे दवाखान्यातून थेट त्याच्याकडे आले होते. हृदय थकलेलं. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं होतं, “शरीरात पाणी साठतंय. दिवसभरात या एका जगमध्ये मावेल तेवढंच पाणी प्यायला द्यायचं. आणि सकाळी पाण्याची गोळी. ती चुकवायची नाही. पाणी छातीत चढलं तर दम कोंडेल.”

लेकीने हे नवऱ्याला शब्दशः सांगितलं आणि ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली. चूक झाली असलीच तर शब्दशः सांगण्यात झाली.

जावयाने विचार केला. (हे वाक्य तो आपल्या व्याख्यानातही वापरतो: “मी विचार केला.”) पायात पाणी साठलंय. रोज पाण्याची गोळी दिली जातेय. म्हणजे हे पाणी येतंय कुठून? गोळीतून. कृत्रिम पाणी. शरीराला ते ओळखता येत नाही, म्हणून बिचारं ते पायात ठेवून देतं. आणि वरून प्यायला एक जग. शरीर घाबरणारच, साठा करणारच.

विज्ञान असं एकदा डोक्यात शिरलं की बाहेर पडायला वाट सापडत नाही.

त्याने गोळी बंद केली आणि नैसर्गिक पाणी सुरू केलं.

“घ्या बाबा.”

“आत्ताच तर घेतलं, जावईबापू.”

“ते मागच्या तासाचं.”

“तासाला बिल लावता का तुम्ही?”

“पेशी कोरड्या पडल्यात तुमच्या.”

“असतील. आयुष्यभर बस चालवली, धूळच खाल्ली.” सासऱ्यांनी ग्लास घेतला, खिडकीकडे बघत संपवला आणि परत दिला. “पण डॉक्टर म्हणाले होते...”

“डॉक्टर आजाराचं बघतात, बाबा. मी आरोग्याचं बघतो.”

अभिनंदन. तुमचं शरीर.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना चपला होईनात. जावई म्हणाला, जुनं पाणी बाहेर पडायच्या आधी थोडं वर येतंच. तिसऱ्या दिवशी त्यांना आडवं होता येईना. जावयाने पाठीमागे उशा रचल्या आणि बसून पाणी पिणं कसं जास्त चांगलं ते समजावलं.

दुपारी लेकीचा फोन आला.

“बाबा, जेवलात?”

“हो... जेवलो... की.”

“तुम्ही जिना चढून आलात का?”

“नाही गं. खुर्चीतच... आहे.”

तिने एवढंच ऐकलं. “फोन त्याच्याकडे द्या.” आणि नवऱ्याला म्हणाली, “गोळी दिलीस?”

“अगं, त्या गोळीमुळेच तर...”

“अॅम्ब्युलन्स बोलाव. मला समजावू नकोस. आधी बोलाव.”

त्याने बोलावली. एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. समजावणं अर्धवट टाकून त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काही केलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि मग बाहेर येऊन विचारलं, “गोळी का थांबवली?”

“आधीच अंगात पाणी झालेल्या माणसाला पाण्याची गोळी...”

“ती पाणी काढते.”

“मग तिला पाण्याची गोळी का म्हणता?”

“डोकेदुखीची गोळी घेतल्यावर तुमचं डोकं दुखायला लागतं का?”

जावयाने यावरही विचार केला. चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं.

लेक पोचली तेव्हा बाबांची धाप खाली बसली होती आणि पलंगाला अडकवलेली पिशवी भरत आली होती. जावई पिशवीकडे बघत होता. “रंग उत्तम आहे,” तो हळूच म्हणाला.

“तू बाहेर थांब,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून बाबांचं खाणं, पिणं, गोळी, कशालाही हात लावायचा नाही. मी रजा टाकलीय.”

तो गेला. ती स्टूल ओढून बसली.

“बाबा, नाही म्हणता येत नव्हतं तुम्हाला?”

सासऱ्यांनी मास्क थोडा बाजूला केला. “म्हटलं की एकदा. पण इतक्या आवडीने आणून द्यायचा गं. दर तासाला. मला असं पाणी कुणी विचारलंच नव्हतं कधी.”

तिने मास्क पुन्हा नीट बसवला.

ते चालवायचे त्या बसमार्गाच्या दोन्ही टोकांना शौचालय नव्हतं, म्हणून ड्यूटीवर ते पाणी पीत नसत.