धरण्याला बसलेली माय

गोजराबाईला दोन मुलं, आणि दोघंही खाकीत. वाशीमच्या वेशीबाहेर, रिसोड रस्त्याला तिचा भाजीचा मळा होता. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी विकून तिने आणि नवऱ्याने, बापूरावाने, पोरं वाढवली. भरतीच्या वेळी दोघं भाऊ एकाच मैदानावर पळायचे. बुटाचा चांगला जोड एकच होता, तो आलटून पालटून घालायचे. थोरला धीरज पोलीस शिपाई झाला. धाकट्या हरीओमला पोलिसात जागा मिळाली नाही, तो शेजारच्या जिल्ह्यात जेलचा शिपाई झाला. बापूराव मरेपर्यंत बाजारात सांगत राहिला, "माह्ये दोनी पोट्टे सरकारात हायेत."

दोन खाक्यांमधला फरक गोजराबाईला फार उशिरा कळला. धीरज सणाच्या दिवशी ड्युटीवर गेला तर त्याचा वेगळा पगार निघे. हरीओम सगळे सण भिंतीच्या आत काढी आणि त्याला वेगळं काहीच मिळत नसे. त्याची पगाराची पायरीही भावाच्या खालचीच. दोघं घरी एकत्र आले की धीरज त्याला चिडवी, "या जेलर साहेब!" सुरुवातीला हरीओम हसायचा. मग एकदा बरॅकीत मारामारी झाली, सोडवायला गेलेल्या हरीओमच्या तळहातात कोणीतरी घासून धार लावलेला चमचा खुपसला. जखम भरली, पण दोन बोटं पुरती मिटेनात. वरच्यांनी चौकशीत लिहिलं, शिपायाचा हलगर्जीपणा. त्यानंतर धीरजने पुन्हा 'जेलर साहेब' म्हटलं तेव्हा हरीओमने ताट बाजूला सारलं.

"तुमी चोर पकडता, फोटो काढता, बक्षीस घेता. मंग तो आमच्या गळ्यात. जलमभर आमीच त्याले सांभाळाव, आन् पगारात तुमच्या खालीच रायाव. कोणता न्याय हाये बे हा?"

"म्या ठरवला का पगार?" धीरज म्हणाला.

"तू नाही ठरवला. पण तुले खटकतही नाही."

धीरजने पुढचा घास घेतला. हरीओमची बायको निकिता मुलीला घेऊन आत निघून गेली.

त्याच वर्षी गोविंदसिंग मळ्यावर आला. जेलातून हवालदार म्हणून रिटायर झालेला, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. हरीओमच्या हाताची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. बाजेवर बसून त्याने सगळं समजावून सांगितलं.

"वर्दीवाल्याले युनियन करता येत नाही, बाई. तोंड उघडलं का निलंबन. पण त्याच्या मायले कोण निलंबित करीन? म्हून आमी घरच्या लोकायचा संघ काढला. बायका, माया, बहिणी. प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टर कचेरीसमोर बसाचं. तुमी बसान का?"

गोजराबाईने पोराच्या न मिटणाऱ्या बोटांचा विचार केला. "बसतो," ती म्हणाली.

धरण्याला वाशीम, आसेगाव, रिसोडकडच्या बायका आल्या. निकिताही आली. मांडवाला फलक लावला, खाली सतरंजी अंथरली. गोजराबाईला ओळखणारे पुष्कळ निघाले. कचेरीत कामाला आलेले लोक थांबून विचारत, "मावशी, आज भाजी नाही का?" ती म्हणे, "आज पोराच्या हक्काले बसलो, बापा." असं म्हणताना तिला जरा अभिमानही वाटे. जन्मभर तिने वजनकाट्याशीच बोलणं केलं होतं. इथे माणसं तिचं ऐकून घेत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोणी मंत्री येणार असल्याचं कळलं. धरण्याची परवानगी संपली होती. बायका उठून घरी जायच्याऐवजी थेट फाटकासमोर जाऊन बसल्या. मंत्र्याची गाडी अडली तरच कोणी ऐकेल, असं गोविंदसिंगने फोनवरून सांगितलं होतं. बंदोबस्ताला पोलीस आले. त्यात धीरज होता.

त्याला पाहून गोजराबाईला आधी बरंच वाटलं. आपला पोरगा आहे, म्हणजे काही वावगं होणार नाही.

महिला पोलीस थोड्याच होत्या. त्या एकेकीला उठवून गाडीत बसवू लागल्या, ओढाओढ सुरू झाली, कोणाच्या बांगड्या फुटल्या. साहेबाने धीरजला बोलावलं. "ही तुमची आई ना? मग तुम्हीच न्या. परक्याचा हात लागण्यापेक्षा बरं."

धीरज तिच्यापुढे उकिडवा बसला. "माय, ऊठ."

"नाही उठत."

"हात जोडतो तुले. ओढतीन त्या, लागीन."

"तू मले पोलीस म्हून उठवून राह्यला का पोरगा म्हून?"

वाकून त्याने तिला दोन्ही हातांवर घेतलं. गोजराबाईने धडपड केली नाही. तिला शरमेनं काही सुचेनाच. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत पोराच्या हातावर, पदर खांद्यावरून सुटलेला. गाडीकडे नेताना तो तिच्या कानाशी हळूच बोलला, "माय, कोणी इचारलं तं हऱ्याचं नाव सांगू नोको. नाव पुढं गेलं का त्याची नोकरी जाईन. म्हून तुले घाईनं नेऊन राह्यलो."

तिने नाव सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता. दिवे लागायच्या आत तो गावभर फिरला, मग जिल्हाभर. खाली लिहिलेलं: एका खाकीच्या हक्कासाठी बसलेली आई, दुसऱ्या खाकीने उचलली. दोन्ही पोरांची नावं, गाव, नोकरी, सगळं छापून.

त्याच आठवड्यात हरीओमची बदली झाली. पार समुद्राकाठच्या एका जेलात. कारण प्रशासकीय. क्वार्टर मिळणार नव्हतं, त्यामुळे निकिताने मुलीला घेऊन आसेगावला माहेरी राहायचं ठरलं. सामान न्यायला हरीओम मळ्यावर आला तेव्हा धीरज तिथेच होता. मुद्दाम सुटी काढून आला होता.

"हऱ्या, म्या नसतं उचललं तं मायवर गुन्हा दाखल झाला असता," धीरज म्हणाला.

"झाला असता तं झाला असता! ती त्याच्यासाठीच बसली होती."

"तुह्यं नाव वाचवाव म्हून..."

"वाचलं ना? साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं." हरीओमने बॅगेची चेन ओढली. मिटत नसलेल्या बोटांतून ती सुटली, त्याने पुन्हा ओढली. "बरोबर कमावला तू तुहा पगार."

गोजराबाई मध्ये पडली. "हरी, त्यानं माह्या कानात सांगतलं होतं रे. खरंच सांगतलं होतं."

"तुह्या कानात सांगतलं, माय. फोटोत ते ऐकू येत नाही."

त्याने तिच्या पाया पडून बॅग उचलली. भावाकडे पाहिलं नाही. धीरज बॅग धरायला पुढे झाला तसा हरीओमने ती दुसऱ्या हातात घेतली आणि रस्त्याला लागला.

महिन्याभराने गोविंदसिंग शाल आणि नारळ घेऊन आला. सरकारने संघाला चर्चेला बोलावलं होतं, पगारातल्या फरकाचा अभ्यास करायला समिती बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी दखल घेतली होती, आणि ती त्या फोटोमुळे. नागपूरच्या मेळाव्यात स्टेजमागे तो मोठा करून लावला होता. पुढच्या मेळाव्याला गोजराबाईने स्टेजवर यावं, दोन शब्द बोलावेत, अशी सगळ्यांची इच्छा होती.

तिने चहा ठेवला. कप त्याच्या हाती देऊन विचारलं, "माह्या पोराची बदली रद्द होईन का?"

गोविंदसिंगने मिशीवरून हात फिरवला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचा चेहरा उतरला. "बाई, खोटं नाही बोलत. एका पोराची गोष्ट टेबलावर ठेवली का ते तेवढंच देतात आन् बाकीचं गुंडाळतात. हजारो पोरं हायेत आपले."

"मंग तो फोटो तरी काढा तठून. माह्ये दोनी पोरं त्याच्यात मरून राह्यले."

"तो फोटो आता संघाचा झाला, बाई," तो खाली पाहत म्हणाला. "माह्या हातात नाही राह्यला."

जाताना त्याने शाल तिच्या खांद्यावर घातली. ती घेऊ नये असं तिला वाटलं, पण दारी आलेल्या माणसाचा अपमान कसा करायचा. मेळाव्याला मात्र ती गेली नाही. समितीचं पुढे काही कळलं नाही; मुदत वाढली, एवढंच एकदा निकिताने फोनवर सांगितलं.

थंडी सुरू झाली. धीरज सुटीच्या दिवशी मळ्यावर येऊ लागला. आला की कपडे बदलून फावडं घ्यायचा. माय-लेकात त्या दिवसाबद्दल बोलणं होत नसे. एका दुपारी तो विहिरीवरची मोटार लावून मेथीला पाणी देत होता, ती बांधावर बसून जुड्या बांधत होती, आणि हरीओमचा फोन आला. आठवड्यातून एकदा यायचा, तोही घाईचा.

"मोटारीचा आवाज येऊन राह्यला. कोण हाये तठी?" त्याने विचारलं.

"धीरज आला. पाणी देऊन राह्यला." मग तिने भीत भीत विचारलं, "देऊ का त्याच्याजवळ?"

"कैद्यायच्या भेटीची येळ झाली, माय. ठेवतो."

गोजराबाईने फोन मांडीवर ठेवला. धीरज वाफ्यात फावड्यावर रेलून उभा होता. त्याने फोन घ्यायला हात ओला-चिखलाचा नको म्हणून पायजम्याला पुसून ठेवला होता.

"काय म्हणे?"

"चांगला हाये म्हणे."

"जेवते का बरोबर? तिकडं भातच भात, त्याले चालत नाही."

"जेवते," ती म्हणाली.

धीरजने मान हलवली. वाफा भरला होता. त्याने वाकून मातीने त्याचं तोंड बंद केलं आणि पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं. गोजराबाई पुन्हा मेथीला लागली. हरीओम जेवतो की नाही, हे तिने विचारलंच नव्हतं.