पोर सुकवायची रीत

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात मी तळेऱ्याहून माहेरी, समुद्रकाठी आले होते. माझ्या भावाच्या पोराला जुलाब लागले होते. पोर जेमतेम वर्षाचं. घरात हंडे भरलेले, परसात शहाळी लटकलेली, आणि पोराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही असा माझ्या आईचा हुकूम. हिरावहिनीने त्याला अंगावर पाजायचंही नाही.

"सुकी मासळी कधी कुसता?" आई म्हणाली. "ओली कुसता. पोटात पाणी ऱ्हवलां तर जुलाब थांबतले कशे?"

जन्मभर मासे सुकवले, म्हणून आता नातूही सुकवायचा! शेजारणी येत, माना डोलवत, जात. मेलेल्या बांगड्याला तहान लागत नाही, पोराला लागते, एवढंही एकीच्या डोक्यात येईना. पोराचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती, रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. भाऊ होडीवर गेलेला. वहिनी भिंतीशी पदर चावत बसलेली. माझं डोकं नुसतं फिरत होतं.

दुपारी पोराने आजीच्या मनगटावरचा घाम चाटला.

मी उठले. पेजेची वरची निवळ वाटीत ओतली, चिमूटभर मीठ घातलं आणि पोर तिच्या मांडीवरून ओढून घेतलं.

"सुगंधा, माझ्या नातवाक मारतलंस गो तू!"

"मारतंस तू, आये! वहिनी, भायर काढ हिका!"

जन्मात सासूसमोर मान वर न केलेल्या हिराने तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कडी घातली. आई दार बडवत शिव्याशाप देत राहिली. देऊ दे! आम्ही चमच्याचमच्याने पाजत राहिलो. पोर ओकलं, आम्ही पुन्हा पाजलं. मग वहिनीने त्याला छातीशी धरलं. उन्हं कलल्यावर तो तिच्या मांडीवर मुतला, तशी ती हसताहसता रडायला लागली.

मी कडी काढली. आई आत आली. तिने वहिनीचं ओलं लुगडं हाताने चाचपलं आणि कितीतरी वेळ पोराकडे पाहत राहिली.

"सुगंधा," ती म्हणाली, "मगे आपली हौसा?"

हौसा माझी पाठची बहीण. बोलायला शिकली होती. असेच जुलाब लागले, आणि आईच्याच मांडीवर गेली.

मला आईची दया यायला हवी होती. आली नाही.

"जगली आसती," मी म्हणाले. "ती तुझ्याकडे पाणीच मागत होती, आये."