बाराजणांनी बुडवलेला माणूस

अल्लाल मेला तेव्हा कागदावर पहिली सही माझी होती. मी गावचा मुकादम, म्हणून पहिला मान माझा.

आमच्या रिफच्या डोंगरात गव्हापेक्षा गांजा बरा येतो. गांजा तेव्हा गुन्हा होता आणि कुणीतरी निनावी पत्र टाकून अल्लालच्या नावाचं वॉरंट काढवलं होतं. दर हंगामात शिपाई यायचे, धान्याचे रांजण उलथवायचे, बायकांना अंगणात उभं करायचे. तो सापडेना, म्हणून गावालाच छळायचे. शेवटी आम्ही बाराजण तालुक्याला गेलो आणि काझीच्या लेखनिकांसमोर शपथेवर सांगितलं की, स्पेनला जाताना अल्लालची होडी बुडाली, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे बाराजणांची शपथ कागदाहून भारी. वॉरंट मिटलं.

पुढची चौदा वर्षं मयत माणूस आपल्याच घरी राहिला. जीप दिसली की शेळ्यांच्या गोठ्यात शिरायचा, एरवी झऱ्याकाठच्या वावरात राबायचा. दरीत त्याच्यासारखा गांजा कुणाचा नव्हता. मरणानंतर दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली, ती मी त्याच्या मेहुणीच्या नावावर लावून दिली.

मग कायदा फिरला. परवाना काढा आणि खुशाल पिकवा, माल सोसायटीमार्फत औषधांच्या कारखान्याला घाला. अल्लालचं वावर वारसाहक्काने त्याच्या बायकोच्या, मिमूनाच्या नावावर चढलेलं होतं, म्हणून परवानाही तिचाच. पाठोपाठ गांजाच्या सगळ्या फरारींना माफी मिळाली. डोंगरातून उतरलेली माणसं बाजारात दाढ्या करून घेत होती, उघड्यावर चहा पीत होती.

अल्लालही माझ्याकडे आला. म्हणाला, "मुकादम, आता मला जिवंत करा."

मी त्याला समजावलं. त्यासाठी पुन्हा बाराजण लागणार. तिघं वारले. उरलेल्यांनी तोंड उघडलं तर खोट्या शपथेचा तुरुंग, कारण माफी गांजाला होती, शपथेला नव्हती. शिवाय खोटारड्या गावाचे परवाने कोण ठेवील? त्याला म्हटलं, घर आहे, बायको आहे, दोन वेळचं जेवतोस, मेल्याने तुझं काय अडलंय? त्याने माझ्या चहाला हातही लावला नाही.

लागवडीच्या तपासणीला राजधानीतून, रबातहून साहेब आला. अल्लाल नवा शर्ट घालून वावरात उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, या जमिनीचा मालक मी आहे. ही माझी बायको."

साहेबाने मिमूनाला विचारलं, "बाई, हा कोण?"

ती रोपं लावत होती. तिने हातांची माती झटकली. तो जिवंत ठरला तर परवाना रद्द, आणि वर्षाचं पीक साहेबाच्या हुकमाने उपटलं जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरात पाच तोंडं होती.

"गडी आहे. डोक्याने जरा कमी आहे," ती म्हणाली. "माझा नवरा समुद्रात बुडाला. मुकादमांना विचारा, त्यांनी पाहिलंय."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, तीही थोडीच.

अल्लाल तिच्याकडे वळला. "मिमूना, धाकटीची शपथ घेऊन सांग," एवढंच बोलला.

"धाकटी माझ्या बहिणीची आहे," ती म्हणाली.

साहेबाने गड्याचं ओळखपत्र मागितलं. ते कुठून असणार? मग त्याने शांतपणे नियम सांगितला: परवान्याच्या शेतात बिगरनोंदीचा माणूस तारेच्या आत उभा राहू शकत नाही, आजही नाही आणि पुढेही नाही.

वावरात शपथेतले बाकीचे आठही होते. सगळे खाली वाकून रोपं लावत राहिले. मिमूनाने स्वतः जाऊन फाटक उघडलं. तो बाहेर पडल्यावर तिने कडी घातली आणि साहेबाला विचारलं, सही कुठे करायची.