धंद्याचा रकाना

"ताप नाही, काही नाही. अंग चोरतोय नुसता. उद्या घरी पाठवा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळलेसुद्धा.

माझं डोकंच सणकलं. हा माणूस चार महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या वॉर्डात आला होता. कंबर धरून चालायचा, सांधे ठणकतात म्हणायचा. सकाळी मात्र अंग थंडगार.

"सिस्टर, संध्याकाळी बघा ना हो," त्याची बायको काकुळतीला आली. "रोज घामाने भिजलेली चादर पिळून काढते मी. मालक म्हणतो, नाटकं करतो. आता तुम्हीही तेच म्हणा!"

आमच्याकडे शेवटचा ताप चारला बघतात, कारण पाचला पाळी बदलते. वीस वर्षं मीही तेच करत आले. त्या दिवशी घरी गेलेच नाही. सातला थर्मामीटर लावला. एकशे तीन! दात वाजत होते बिचाऱ्याचे.

"काम काय करता हो तुम्ही?"

"गोठ्यावर असतो. गाईंची बाळंतपणं करतो." एवढ्या तापातही तो हसला. "सगळे सुईणबाईच म्हणतात मला."

"हातमोजे घालून?"

"कुठले मोजे, सिस्टर! यंदा अकरा गाई गाभडल्या. मेलेली वासरं याच हातांनी ओढली."

केसपेपर उघडला. धंद्याच्या रकान्यात 'मजुरी'. तिन्ही वेळा. अक्षर माझंच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

रक्ताच्या तपासणीत ब्रुसेलाचे जंतू निघाले. गाभडलेल्या गाईंपासून माणसाच्या अंगात शिरतात ते. औषधांनी ताप उतरला, पण तोवर त्यांनी मणका पोखरला होता.

"आधी सांगायला काय झालं होतं?" डॉक्टर त्याच्यावरच खेकसले.

"विचारलं कुणी त्याला?" मी भर वॉर्डात ओरडले. "तुम्ही विचारलंत? मी विचारलं?"

डॉक्टर तडक वॉर्डाबाहेर निघून गेले.

जायच्या दिवशी तो कमरेला पट्टा बांधून खाटेच्या कडेवर बसला होता. आता वाकायचं काम कायमचं बंद, हे त्याला सांगून झालं होतं.

"सिस्टर, मोज्यांचे दोन जोड मिळतील?"

"अहो, तुम्ही आता गोठ्यात..."

"मला नको. माझ्या जागी नवा माणूस घेतलाय. त्याला देतो."

मी अख्खा खोका त्याच्या हातात ठेवला. त्याने तो मांडीवर नीट धरला. बायकोने खाली बसून त्याच्या पायांत चपला घातल्या.