ढोरांच्या डॉक्टरची म्हैस

मी एक म्हातारी म्हैस आहे. किन्हीराजा गावात बापूरावांच्या दारात माझा खुंटा आहे. शिंगं झिजली, दूध कधीचंच आटलं. तरी मी कोणाची दया मागत नाही, मित्रांनो. ज्याची गोष्ट मी सांगणार आहे, तोही कधी कोणापुढे वाकला नाही.

तो म्हणजे बापूरावांचा मुलगा नथ्थू. बापूराव मळ्यात वांगी, मेथी, मिरच्या पिकवत आणि मालेगावच्या बाजारात नेत. माझं पहिलं वेत होतं, तेव्हा नथ्थू नुकताच मॅट्रिक होऊन घरी आला होता. रेडकू माझ्या पोटात आडवं झालं. कोणी अंगारा लावला, कोणी लिंबू उतरवलं. मी दावं तोडलं, पण मरायला तयार झाले नाही. शेवटी नथ्थू मालेगावला जाऊन सरकारी ढोर-डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी बाह्या सारल्या, हात आत घालून रेडकू फिरवलं आणि अलगद ओढून काढलं. नथ्थू त्या हातांकडे बघतच राहिला.

त्याच आठवड्यात त्यानं घरात सांगितलं, "मी ढोरांच्या कॉलेजात जातो."

"वकील हो, माणसाचा डॉक्टर हो! ढोराचा कायले?" बापूराव ओरडले. "तिथं मेली ढोरं चिरा लागतात म्हने. जात वाळीत टाकीन आपल्याले."

"जित्या म्हशीचं दूध चालते, अन् मेलीले हात लावला का बाटते? मले नाई पटत, बाबा."

जातीचे पंच दौलतराव समजूत घालायला आले. माझ्या खुंट्याजवळच बाजेवर बसले. म्हणाले, "जायचंच असन त कलकत्त्याच्या कॉलेजात जाय. तिथं आपल्या गावचं कोनी नाई. तू काय चिरलं, कोनाले समजनार नाई. मुंबईत आपले लोक गिरणीत हायेत, खबर येईन."

नथ्थू उभा राहिला. "मंग मी मुंबईलेच जातो. मले लपून शिकाचं नाई."

तो गेला, आणि घराला वाळीत टाकलं. लग्नाची आमंत्रणं बंद झाली, हळदीकुंकवाला कोणी बोलवेना. बापूराव मुलाचं नावही घेईनासे झाले. त्याची आई आवडाबाई मात्र धार काढताना मलाच सांगे, "नाई बलावत त नाई बलावत. माहा लेक चोरी करून नाई राह्यला." तिच्या आवाजात रडू नसे, मित्रांनो.

काही वर्षांनी नथ्थू डॉक्टर होऊन परतला, तरी बापूराव त्याच्याशी बोलत नसत. एका दुपारी तो घरी असताना बाहेर गलका झाला. दौलतरावांचा उमदा बैल आमच्याच दारासमोर कोसळून मेला होता. शेजारची विधवा सुंदरबाई त्या बैलाला रोज भाकरीचा तुकडा घाली. "हिनंच इख घातलं! काढा हिले गावाबाहेर!" लोक तिच्या अंगावर धावले.

नथ्थू मध्ये उभा राहिला. "थांबा. बैल कायनं मेला ते बैलच सांगीन."

सगळ्या गावासमोर त्यानं बैल चिरला. बायांनी डोळ्यांवर पदर घेतले. थोड्या वेळानं त्यानं गंजलेली तार वर धरली. "चाऱ्या-कुटारासंगं पोटात गेली अन् काळजात घुसली. सुंदरबाईनं नाई मारलं याले."

कोणी त्याच्याजवळ येईना. रक्तानं भरलेले हात घेऊन तो तसाच उभा होता. तेवढ्यात बापूराव बादली घेऊन पुढे आले आणि मुलाच्या हातांवर पाणी ओतू लागले.

"बापूराव, इचार करा," दौलतराव म्हणाले.

"केला. उशीर झाला, पन केला." बापूरावांनी रिकामी बादली खाली ठेवली. "चाल रे नथ्थू, जेवाले."

आवडाबाईनं सुंदरबाईलाही हात धरून पंगतीला बसवलं. वाळीत टाकलेल्या घरी ती पोटभर जेवली. पंचांनी बंदी काही उठवली नाही. पण पोळ्याच्या आधीच त्यांची गुरं नथ्थूकडे येऊ लागली, आणि नथ्थूनं एकालाही परत पाठवलं नाही.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्हाला दुखत नाही असं समजू नका. आजारी पडलो तर अंगाऱ्यावर सोडू नका, डॉक्टरकडे न्या. हे उपकार नव्हेत. आम्ही तुमच्यासाठी आयुष्यभर राबतो. तो आमचा हक्क आहे. आणि उद्या तुमच्यापैकी कोणाला ढोरांचा डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर खुशाल व्हा. हसणाऱ्यांना हसू द्या. त्यांच्या गोठ्यातही गुरं आहेतच.