दुपारची गोळी

त्या घरात दुपारी कुणी शिंकलं तरी त्याची चौकशी व्हायची. नवरा पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. सकाळी दहाला घरी यायचा, अकराला जेवायचा आणि बाराला अंथरुणावर पडायचा. सगळं जग जागं असताना ज्याला झोपायचं असतं त्याच्या घरच्यांना मुकं व्हावं लागतं, आणि बायकोनं तर या कामात पदवीच मिळवली होती. बिजागऱ्यांना महिन्याच्या महिन्याला तेल. खुर्च्यांच्या आणि पलंगाच्या पायांना जुन्या मोज्यांचे तुकडे. झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड काळं कापड, तेही चारी बाजूंनी खिळे मारून. एकुलती एक मुलगी या घरात टाचा न टेकता चालायला शिकली, आणि आता दूरच्या गावी नोकरीला होती तरी तशीच चालायची.

घंटेची गोष्ट तर सगळ्या इमारतीला ठाऊक होती. इमारतीचं रस्त्यावरचं दार कायम कुलूपबंद असायचं. येणाऱ्यानं खाली बटण दाबलं की वर ज्याच्या त्याच्या घरात घंटा वाजायची. लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ही घंटा दुपारी वाजली की नवरा आतून ओरडायचा, "कोण तडमडलंय आता?" मग तासभर या कुशीवरून त्या कुशीवर. तिसऱ्या वर्षी बायकोनं स्टुलावर चढून तिची तार कापून टाकली. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

लपवायची ती एकच गोष्ट होती. अकरा वर्षांपासून नवरा बाराच्या आधी झोपेची एक छोटी पांढरी गोळी घ्यायचा. कणीक मळायच्या मोठ्या यंत्रावर गोळ्या खाणारा माणूस मालकाला नको होता. पूर्वी एकाला याच कारणावरून घरी बसवलं होतं. म्हणून गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून नाही, भट्टीजवळच्या दुकानातून यायच्या. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई सगळ्या गल्लीच्या पोटातलं जाणून होत्या, तेवढं एक पोट सोडून.

ज्या दिवशीची ही गोष्ट, त्याच्या दीड आठवडा आधी नवऱ्याला नखांसाठी कॅप्सूल सुरू झाल्या. वर्षानुवर्षं ओल्या पिठात हात घालून त्याच्या बोटांची नखं पिवळी, जाड झाली होती. बुरशी म्हणाले डॉक्टर. त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" नवरा म्हणाला, "छे." बायको शेजारी बसून फरशीवरची नक्षी बघत राहिली.

तेव्हापासून नवऱ्याला अशी झोप लागायला लागली की काय सांगावं. आधी चार तासांत डोळे उघडायचे, आता सात-सात तास हालचाल नाही. बायकोला वाटलं, चला, आपल्या तपश्चर्येला फळ आलं. उठल्यावर तो भिंतीला हात लावून चालायचा, त्याला ती हसायची. सोमवारी त्यानं कणकेत दोनदा मीठ घातलं आणि शंभरेक पाव फेकून द्यावे लागले, तेव्हा मात्र ती हसली नाही. पण गोळी तर तीच होती, तेवढीच होती. मग गोळीचा संशय कुणाला यावा?

त्या दिवशी तो खोकतच घरी आला. भट्टीवरच्या जोडीदारानं आपल्या घरातली अर्धी उरलेली खोकल्याची बाटली दिली होती. "गुण येतो म्हणे लगेच," असं म्हणून त्यानं दोन झाकणं घेतली, वर रोजची गोळी घेतली आणि बाराला दार लावून घेतलं. सव्वा बारापर्यंत खोकला थांबला. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

एक वाजता ती कोपऱ्यावर गेली, नखांच्या कॅप्सूल संपत आल्या होत्या म्हणून. औषधवाल्या बाईंनी चिठ्ठी चष्म्याच्या वरून वाचली, खालून वाचली.

"हे घेताना झोपेच्या गोळ्या चालत नाहीत. मिस्टर घेतात का तसलं काही?"

"नाही हो," बायको म्हणाली. अकरा वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"मग ठीक. कालच एकाला परत पाठवला मी." बाई पाकीट शोधता शोधता बोलत होत्या. "झोपेची गोळी अंगातून निघून जायला लागते ना, ते काम यकृत करतं. ही कॅप्सूल ते काम अडवते. म्हणजे आजची गोळी पुरती निघून गेली नाही तोवर उद्याची येऊन पडते. माणूस म्हणतो, मी तर एकच घेतोय. अंगात मात्र तीन-चार गोळ्यांएवढं साठलेलं असतं. चालताना झोकांड्या जातात, काही लक्षात राहत नाही. आणि वर कुणी गुंगीचं खोकल्याचं औषध दिलं, किंवा दारू घेतली, तर झोपेतच श्वास बंद पडायचा. काय झालं गं? पांढरी पडलीस."

"उन्हानं," बायको म्हणाली, आणि पाकीट काउंटरवर तसंच टाकून निघाली.

दुकानापासून घर दोनशे पावलं. ती धावली नाही, कारण धावलं की खरं होईल असं तिला वाटत होतं. पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर तिला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

घरात नेहमीसारखी शांतता. तिनंच बावीस वर्षं राखलेली. ती झोपायच्या खोलीच्या दाराशी गेली आणि थांबली. आणि आता जे सांगायचं आहे ते सांगताना मलाही तिचा राग येतो. ती तिथे पाच मिनिटं उभी राहिली. आत नवरा मरतोय की काय ही भीती होती, आणि तरी हात कडीकडे जात नव्हता, कारण दुपारी ते दार उघडायचं नसतं. उघडलं आणि तो नुसताच झोपलेला असला तर? पुन्हा झोप लागायची नाही, रात्री यंत्रावर डुलकी लागेल, बोटं जातील. तिनं दाराला कान लावला. आत घोरणं चालू होतं. बरं वाटलं. मग घोरणं थांबलं. तिनं मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन... अकराला घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. पुढच्या वेळी ती सोळापर्यंत पोचली, आणि तिनं दार उघडलं.

काळ्या कापडामुळे खोलीत काही दिसेना. दिवा लावायचीही तिला सवय नव्हती, बटण चाचपडावं लागलं. नवरा उताणा होता. ओठ जांभळट दिसत होते. तिनं खांदा हलवला. "अहो." काही नाही. "अहो, उठा ना." तिचा आवाज कुजबुजण्याच्या वर येतच नव्हता. तिनं त्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, तेव्हा त्यानं एक मोठा श्वास घेतला आणि काहीतरी पुटपुटला. हात काढले, की श्वास पुन्हा रेंगाळला.

तिनं एका हातानं त्याला हलवत दुसऱ्या हातानं औषधाच्या दुकानात फोन लावला.

"घेतात," ती म्हणाली. "झोपेची गोळी. अकरा वर्षं. मी खोटं बोलले. आणि आज खोकल्याचं औषधही घेतलंय, जोडीदारानं दिलेलं."

औषधवाल्या बाई एका शब्दानंही रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"जागे होतात का हलवल्यावर?"

"थोडे. सोडलं की श्वास थांबतो."

"मग सोडू नकोस. कुशीवर वळव, हनुवटी थोडी वर कर. मोठ्यानं हाका मार, झोपू देऊ नकोस. पाजायला जाऊ नकोस काही, पाणीसुद्धा. श्वास पुरता थांबला तर मला लगेच फोन कर. गोळ्या, कॅप्सूल, बाटली, जे जे घेतलंय ते पिशवीत भर, दवाखान्यात दाखवावं लागेल. मी गाडी बोलावते. ठेव फोन."

तिनं त्याला कुशीवर वळवलं. ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा जड झाला होता तो. ती हलवत राहिली. "अहो. अहो, ऐकताय ना. अहो." दहा मिनिटं गेली असतील. मग रस्त्यावरून गाडीचा भोंगा जवळ आला आणि इमारतीखाली येऊन बंद झाला. आले, ती म्हणाली, आले हं. ती जिन्यावरच्या पावलांची वाट बघू लागली.

पावलं वाजेनात.

मिनिट गेलं. दोन गेली. गाडी तर खालीच होती, तिचं इंजिन ऐकू येत होतं. आणि मग तिच्या लक्षात आलं. ते खाली बटण दाबत होते. पुन्हा पुन्हा दाबत असणार; बाकीची घरं या वेळी कामाला गेलेली. आणि वर तिची घंटा, तिनं स्वतःच्या हातानं मुकी केलेली, भिंतीवर गप्प बसून होती.

तीन मजले उतरून दार उघडायचं आणि परत यायचं म्हणजे किती श्वास? तिनं हात काढून बघितला. श्वास थांबला. तिनं पुन्हा हलवलं. तो सुरू झाला. हे सोडून जाता येणार नव्हतं.

तिनं पलंग खिडकीच्या भिंतीकडे ढकलला, म्हणजे एक पाय त्याच्या पाठीला लावून खिडकीपर्यंत हात पोचला असता. मोज्याचे तुकडे लावलेले पलंगाचे पाय फरशीवरून सरकले, एवढासाही आवाज झाला नाही. पायानं त्याला हलवत तिनं ते काळं कापड धरलं आणि ओढलं. खिळे सुटेनात. तिनं दोन्ही हातांनी हिसडा दिला तेव्हा अर्धी भिंत उखडल्यासारखा आवाज झाला आणि दुपारचं ऊन भसकन खोलीत शिरलं. तिनं खिडकी उघडली आणि तोंड बाहेर काढलं. खाली गाडी, पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं, आणि बटणांशी झटापट करणाऱ्या औषधवाल्या बाई, दुकान उघडं टाकून आलेल्या.

तिनं हाक मारली. आवाज आलाच नाही. घशातून नुसती हवा गेली. बावीस वर्षांत तिनं तो आवाज कुठे ठेवला होता कोण जाणे. तिनं पायाखालचं ते अंग पुन्हा ढकललं, ते हललं नाही, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या.

"वर! तिसरा मजला! किल्ली घ्या!"

किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच होता. तो गाडीच्या टपावर आदळला, तिथून रस्त्यावर पडला. औषधवाल्या बाईंनी तो साठ वर्षांच्या गुडघ्यांची पर्वा न करता उचलला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि बाटली हातात घेतली. या औषधावर उतारा आहे, म्हणाले, आणि तो त्यांनी लगेच टोचला. श्वास सुधारला. बायकोनं विचारलं, "मग गोळीवरही उतारा असेल ना?"

"आहे," डॉक्टर म्हणाले, "पण अकरा वर्षं रोज गोळी घेणाऱ्याला तो देणं धोक्याचं. अंगाला तिची सवय झालेली असते. एका झटक्यात काढून घेतली तर झटके येऊ शकतात. आपण ऑक्सिजन लावू, नळ्या लावू, नजर ठेवू आणि वाट बघू. तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. मोठ्यानं."

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही सांगता येणार नाही. मीठ दोनदा घातल्याबद्दल बोलली, मुलीच्या चालण्याबद्दल बोलली, डॉक्टरांसमोर फरशीकडे बघत बसल्याबद्दल तर चार-चारदा बोलली. आपलीच चूक, आपलीच, असं म्हणत ती रडली, आणि रडणंसुद्धा मोठ्यानं केलं, कारण तसं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्यानं डोळे उघडले आणि पहिली तक्रार केली, ती दिव्याची.

पाचव्या दिवशी ते घरी आले. कॅप्सूल बंद, नखांना काही घाई नव्हती. कॅप्सूलचा असर अंगात काही दिवस राहणार, म्हणून झोपेची गोळी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, कमी करून, आणि मग दर काही आठवड्यांनी आणखी कमी. एकदम बंद करायची नाही आणि मनानं काही करायचं नाही. कागद फ्रिजवर चिकटवला, त्याची एक नक्कल कोपऱ्यावरच्या दुकानात. मालकाला नवऱ्यानं स्वतः जाऊन सांगितलं. मालकानं त्याला यंत्रावरून काढून पाव पिशव्यांत भरायच्या टेबलावर टाकलं. नवरा दोन दिवस तोंड पाडून बसला, मग जेवायला लागला.

पण बायकोची भीती काही जाईना. तो बाराला आडवा झाला की ती दर दहा मिनिटांनी आत जायची, त्याच्या नाकाशी हात धरायची, हाक मारायची. "अगं, झोपू दे की," तो म्हणायचा. चौथ्या दुपारी त्यानं हात जोडले. मग तिनं खोलीत जायचं थांबवलं, आणि बाहेर बसून तिचा जीव अर्धा झाला.

त्याच संध्याकाळी तिनं वायरमनला बोलावून घंटेची तार जोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी नवरा झोपला. एक वाजला. आतून काही ऐकू येत नव्हतं, घोरणंही नाही. ती तीन मजले उतरली, रस्त्यावर जाऊन दार ओढून घेतलं आणि आपल्याच नावाचं बटण दाबलं. वर, उघड्या खिडकीतून, घंटा वाजली. तिनं आकडे मोजायला सुरुवात केली. तीन. चार. पाच. सहा. सात.

"कोण तडमडलंय आता?" वरून आवाज आला, चांगला खणखणीत, संतापलेला.

ती पायरीवर मटकन बसली. "मी," ती रस्त्यावरून ओरडली. "मीच आहे. झोपा."